दोन कॅट, तेवीस माणसे आणि उनो

यंदाच्या सुट्टीत आमच्या घरी चार पिढ्यांची मिळून २३ माणसे चार दिवस एका छपराखाली होती. स्नानगृहे दोन होती, मोबाइल चार्ज करायच्या जागा पाच होत्या आणि सर्वांनी मिळून काय करायचे याविषयीची मते २३ होती. माझ्या थोरल्या चुलतबहिणीने चारही दिवसांचे वेळापत्रक आखून दारामागे चिकटवले होते. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यातली एकही गोष्ट ठरल्या वेळी झाली नाही आणि संध्याकाळी कोणीतरी तो कागद उलटा करून त्याच्या पाठीवर उनोचे गुण मांडायला घेतले. वेळापत्रकाचा याहून चांगला उपयोग झाला नसता, असे आता ताईसुद्धा मान्य करते. हे परीक्षण त्या पत्त्यांच्या खेळाचे आहे. उनो ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण असल्यामुळे त्याविषयी नव्याने काय लिहायचे, असे कोणी विचारील. पण दोघातिघांनी वेळ घालवण्यासाठी खेळलेला उनो आणि माणसांनी भरलेल्या घरात खेळलेला उनो हे दोन निराळे खेळ आहेत, असे माझे मत झाले आहे, आणि मला लिहायचे आहे ते दुसऱ्याविषयी.

खेळाचे सामान अगदी थोडे. मूळ संचात १०८ पत्ते असतात. लाल, पिवळा, हिरवा आणि निळा अशा चार रंगांत शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे असतात. त्यांतले शून्य प्रत्येक रंगात एकदाच येते आणि बाकीचे आकडे दोनदोनदा येतात, म्हणजे साधे पत्ते झाले ७६. त्याखेरीज प्रत्येक रंगात दोन स्किप (पुढच्याची खेळी हुकवणारे), दोन रिव्हर्स (खेळाची दिशा उलटवणारे) आणि दोन प्लस टू (पुढच्याला दोन पत्ते उचलायला लावणारे) असे २४ खोडसाळ पत्ते, आणि शिवाय कोणत्याही रंगावर चालणारे चार वाइल्ड (हवा तो रंग मागणारे) आणि चार प्लस फोर (रंगही मागणारे आणि पुढच्याला चार पत्ते उचलायला लावणारे). प्रत्येकाला सात पत्ते वाटायचे, मधल्या पत्त्याशी रंग, आकडा किंवा चिन्ह जुळेल तो पत्ता टाकायचा, जुळत नसेल तर गठ्ठ्यातून एक उचलायचा आणि हातात एकच पत्ता उरला की ‘उनो’ म्हणून ओरडायचे. सात वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटांत समजते. आमच्या घरातल्या जाणत्या माणसांना थोडा अधिक वेळ लागला, कारण ती नियम ऐकून घेण्याऐवजी आपल्याला ठाऊक असलेले नियम सांगत होती.

आणि इथेच या खेळाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. उनोचा जन्मच मुळी एका घरातल्या नियमांच्या वादातून झाला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात रीडिंग नावाच्या गावी मर्ल रॉबिन्स नावाचे एक केशकर्तनकार राहत होते. ‘क्रेझी एट्स’ या जुन्या पत्त्यांच्या खेळाच्या नियमांवरून त्यांचा मुलाशी वाद झाला आणि त्यातून त्यांनी १९७१ साली नवा खेळ रचला. घरच्यांनी मिळून ८,००० डॉलर उभे केले, ५,००० संच छापून घेतले आणि रॉबिन्स ते आपल्या दुकानातूनच विकू लागले. पुढे त्यांनी हक्क ५०,००० डॉलर आणि प्रत्येक संचामागे १० सेंट अशा बोलीवर इलिनॉयमधल्या जोलिएट गावच्या मंडळींना विकले आणि १९९२ मध्ये हा खेळ मॅटेल कंपनीकडे आला. केस कापायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात पत्त्यांचा संच ठेवणारा तो गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर सहज उभा राहतो. पण त्याहून मला मौज वाटते ती या गोष्टीची, की बाप-लेकाचे भांडण मिटावे म्हणून निघालेल्या खेळाने अर्धशतकाहून अधिक काळ घरोघरी नवी भांडणे पुरवली आहेत.

आम्ही खेळायला बसलो तेव्हा चौदा जण तयार झाले. खोक्यावर दोन ते दहा भिडू असे लिहिलेले असते आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे: दहा जणांना सात-सात पत्ते वाटले की ७० पत्ते संपतात आणि उचलायला जेमतेम ३७-३८ उरतात. चौदा जणांना वाटल्यावर तर अवघे दहा उरले असते. म्हणून दोन कॅट एकत्र पिसले. आता २१६ पत्त्यांतले ९८ वाटून ११८ शिल्लक राहिले आणि प्लस फोर चाराऐवजी आठ झाले. २१६ पत्ते एकत्र पिसणे हे एका माणसाचे काम नव्हे. काकांनी ते चौघांत वाटून दिले, चौघांनी चार ढीग करून पिसले, मग ढीग आपसांत बदलून पुन्हा पिसले, आणि एवढे झाल्यावरही पहिल्या डावात सलग पाच पिवळे पत्ते निघाल्यावर काकांनी चौघांकडेही वेगवेगळे वळून पाहिले.

चौदा जणांच्या गोलात रिव्हर्स या पत्त्याला जे मोल येते, ते चौघांच्या डावात कधी कळत नाही. तुमच्या आधी दोनच माणसे राहिली आहेत, हातातला निळा पत्ता तुम्ही बोटांत धरून ठेवला आहे, आणि तेवढ्यात समोरून कोणीतरी रिव्हर्स टाकतो. खेळ उलटा फिरतो आणि तुमची खेळी अकरा माणसे पलीकडे जाते. तेवढ्या वेळात एखादा उठून पाणी पिऊन येतो, एखादी सून आतल्या खोलीत झोपलेल्या बाळाला थोपटून येते, आणि परत येऊन ‘कोणाची खेळी?’ असे विचारते. हा प्रश्न त्या संध्याकाळी शंभरदा तरी विचारला गेला असेल. गंमत अशी, की इतर वेळी ज्या घरात सगळे एकाच वेळी बोलत असतात, त्या घरात निदान पत्ता टाकताना तरी एका वेळी एकच माणूस हलत होता. आवाज कमी झाला नाही, उलट वाढला. पण सगळ्यांचा आवाज एकाच गोष्टीविषयी होता, आणि तेवढ्या गर्दीत ही सोपी गोष्ट नव्हे.

एक अडचण मात्र खरी आली. एक पत्ता उरला की ‘उनो’ म्हणायचे आणि ते म्हणायला विसरलेल्याला पुढच्याची खेळी सुरू होण्याआधी कोणी पकडले, तर दोन पत्ते उचलावे लागतात. तिघांच्या डावात हा नियम फार सुरेख आहे. चौदा जणांत कोण काय म्हणाले हे ऐकूच येत नाही. ‘मी म्हणाले होते’, ‘मला ऐकू नाही आले’, ‘तू शेजारच्याशी बोलत होतास’ अशा साक्षी सुरू झाल्या, आणि थोड्या वेळाने एका भाच्याने तर सावधगिरी म्हणून तीन पत्ते हातात असल्यापासूनच दर मिनिटाला ‘उनो’ म्हणायला सुरुवात केली. शेवटी आम्ही असे ठरवले की म्हणताना हात वर करायचा. मोठ्या घोळक्यात खेळणाऱ्यांनी हा बदल सुरुवातीलाच करून घ्यावा.

नियमांचा खरा कस लागतो तो प्लस टूच्या बाबतीत. माझ्यावर कोणी प्लस टू टाकला आणि माझ्याही हातात प्लस टू असला, तर मी तो वर टाकून पुढच्याला चार उचलायला लावू शकतो का? आमच्या घरात याचे उत्तर माहेर-सासर पाहून बदलते. अधिकृत नियमांप्रमाणे असे चालत नाही, आणि २०१९ च्या मे महिन्यात उनोच्या अधिकृत ट्विटर खात्यानेही हे स्पष्ट केले होते, की ज्याच्यावर प्लस फोर पडला त्याने चार उचलायचे आणि खेळी सोडायची. वर प्लस टू ठेवून ओझे पुढे ढकलता येत नाही. माझ्या भाच्याने हे मोबाइलवर शोधून मोठ्याने वाचून दाखवले. त्यावर आत्या शांतपणे म्हणाली, “नियम कंपनीचे असतील, घर आपले आहे.” मतदान झाले. ओझे ढकलण्याचा नियम नऊ विरुद्ध पाच असा मंजूर झाला, आणि पुढच्याच डावात आत्यावर फिरत-फिरत आलेले दहा पत्ते येऊन पडले. तिने ते एक-एक करून, प्रत्येक पत्ता नीट पाहत उचलले आणि मतदान पुन्हा घ्यावे असे सुचवले. तो ठराव फेटाळला गेला.

याच पद्धतीचे इतर घरगुती नियमही प्रचलित आहेत. पत्ता जुळेपर्यंत उचलत राहायचे, हा त्यातला सर्वांत खोटा. मूळ नियम एकच पत्ता उचलण्याचा आहे, आणि तो जुळला तर लगेच टाकताही येतो. मोठ्या गोलात तर ‘जुळेपर्यंत उचला’ हा नियम मी कोणालाही सुचवणार नाही, कारण त्याने डाव संपतच नाही. याउलट सात पडला की हातचे पत्ते कोणाशी तरी बदलायचे आणि शून्य पडला की सगळ्यांनी आपले पत्ते पुढच्याकडे सरकवायचे, हा प्रकार गर्दीत अवश्य करून पाहावा. शून्य पडल्यावर चौदा माणसांनी एकाच वेळी आपापली पंख्यासारखी धरलेली पाने शेजाऱ्याच्या हाती देणे आणि दुसऱ्या बाजूने मिळालेली पाने पाहून चौदांचेही चेहरे निरनिराळे होणे, हे दृश्य मी या सुट्टीत सर्वाधिक वेळा आठवले आहे.

आता प्लस फोरविषयी. हा पत्ता केव्हाही टाकता येतो असा सार्वत्रिक समज आहे, आणि तो चुकीचा आहे. मधल्या रंगाचा एकही पत्ता हातात नसेल तरच प्लस फोर टाकता येतो. ज्याच्यावर तो पडला त्याला शंका आली तर तो आव्हान देऊ शकतो. मग टाकणाऱ्याने आपले पत्ते त्याला, आणि फक्त त्यालाच, दाखवायचे. लबाडी निघाली तर टाकणाऱ्याने चार उचलायचे. न निघाली तर आव्हान देणाऱ्याने चाराऐवजी सहा. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने हा पत्ता माझ्या अकरा वर्षांच्या पुतण्यावर टाकला. मधला रंग निळा होता. आजी डोळ्यांवरचा चष्मा सारखा करत म्हणाली की तिच्याकडे निळे काहीही नाही. पोराने थोडा वेळ तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, “पणजी, पत्ते दाखव.” सगळे गप्प झाले. आजीने पत्ते छातीजवळून जरासे पुढे कलते केले, त्याने वाकून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि एक शब्द न बोलता गठ्ठ्यातून सहा पत्ते मोजून घेतले. रात्री अंथरुणे घालताना त्याने मला कानात सांगितले की पणजीच्या हातात निळा सात होता. मी विचारले, मग तू सहा का उचललेस? तो म्हणाला, “तिने माझ्याकडे बघून डोळा मारला.” पत्ते फक्त आव्हान देणाऱ्यालाच दाखवायचे, या कोरड्या कलमात एवढी जागा असेल असे मला वाटले नव्हते.

रंगांचा मुद्दा जरा गंभीर आहे. आमचे एक मामा लाल पत्त्यावर हिरवा टाकत होते आणि दोन-तीनदा असे झाल्यावर पोरांनी ‘रडीचा डाव’ म्हणून गलका केला. मामा हसून पत्ता मागे घेत, पण त्यांना तो फरक खरोखरच दिसत नव्हता, हे मामींनी सांगितल्यावर पोरे एकदम वरमली. लाल-हिरव्याची ही गफलत पुरुषांमध्ये स्त्रियांपेक्षा बरीच जास्त आढळते, कारण तिच्याशी संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर असतात आणि पुरुषांत ते गुणसूत्र एकच असते. म्हणून मोठ्या कुटुंबात असा एखादा माणूस असणे मुळीच नवलाचे नाही. नेहमीच्या उनोत लाल पाच आणि हिरवा पाच यांत रंगाखेरीज दुसरा फरक नसतो. या अडचणीवर २०१७ मध्ये एक वेगळी आवृत्ती निघाली. तिच्यात पोर्तुगालमध्ये तयार झालेली ‘कलरअ‍ॅड’ ही चिन्हपद्धती वापरली आहे आणि प्रत्येक रंगाला स्वतःची छोटी खूण आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने ब्रेल लिपीतला संचही आला. आमच्याकडे त्यातला कोणताच नव्हता, तेव्हा माझ्या भाचीने बॉलपेन घेऊन दोन्ही कॅटमधल्या सर्व हिरव्या पत्त्यांच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण काढले. त्याला तिला सव्वा तास लागला. मामा त्यानंतरचे दोन डाव लागोपाठ जिंकले, आणि पोरांनी पुन्हा ‘रडीचा डाव’ म्हणून गलका केला.

उणिवाही सांगायला हव्यात. उनोत नशिबाचा वाटा फार आहे. विचारपूर्वक खेळणाऱ्याला त्याचे फळ चौघांच्या डावात थोडेफार मिळते, चौदांच्या डावात जवळजवळ मिळत नाही. आपली खेळी पुन्हा यायला तीन-चार मिनिटे लागतात, आणि ज्याला बुद्धीचा खेळ हवा आहे त्याला तेवढा वेळ फार मोठा वाटेल. आमच्या धाकट्या काकांना तसा वाटला. ते दुसऱ्या डावानंतर वर्तमानपत्र घेऊन बाजूला बसले, तरी ‘अरे, रंग बदल’ असे सल्ले मात्र पानाआडून देत राहिले. गुण मोजण्याची पद्धत तर गर्दीत अगदीच कोलमडते. जिंकणाऱ्याला इतरांच्या हातात उरलेल्या सर्व पत्त्यांचे गुण मिळतात: आकड्याच्या पत्त्याचे आकड्याइतके, स्किप, रिव्हर्स, प्लस टूचे प्रत्येकी २० आणि वाइल्ड व प्लस फोरचे ५०, जो आधी ५०० करील तो अंतिम विजेता. तेरा हरलेल्यांचे पत्ते मोजायचे म्हटले की हिशेबातच पंधरा मिनिटे जातात आणि एखाद्याचे दोन डावांतच ५०० होतात. आम्ही दुसऱ्या दिवसापासून गुण सोडून दिले आणि फक्त कोण जिंकले एवढेच लिहू लागलो. खेळाचे काही बिघडले नाही.

लहान मुलांसाठी खोक्यावर सात वर्षांची मर्यादा आहे आणि ती रास्त आहे. त्याखालच्यांना आमच्याकडे कच्चा लिंबू म्हणून घेतले. चार वर्षांची एक भाची आपले पत्ते सर्वांना दिसतील असे बाहेर तोंड करून धरत होती, आणि तिच्या शेजारी बसलेले दोन मोठे इंजिनिअर ते न पाहिल्यासारखे करत, बघून-बघून खेळत होते.

अलीकडे याचे अनेक अवतार निघाले आहेत. २०२३ मध्ये आलेल्या ‘शो एम नो मर्सी’मध्ये १६८ पत्ते आहेत, त्यात दहा पत्ते उचलायला लावणारा पत्ताही आहे, प्लसवर प्लस टाकणे अधिकृतपणे चालते, आणि हातात २५ पत्ते झाले की तो भिडू बाद होतो. आत्याला हा फार आवडला असता. पण तो दोन ते सहा जणांसाठी आहे आणि बाद झालेला माणूस डाव संपेपर्यंत नुसता बसून राहतो. भरल्या घरात कोणाला बाहेर बसवणारा खेळ नको, म्हणून मी साधा संचच घ्यायला सांगेन. ज्यांना थोडे नावीन्य हवे, त्यांनी अलीकडे मिळणारा ११२ पत्त्यांचा संच पाहावा. त्यात हातचे पत्ते बदलायला लावणारा एक पत्ता आणि आपल्या मनचा नियम लिहिण्यासाठी तीन कोरे पत्ते असतात. एकत्र कुटुंबाच्या हाती तीन कोरे पत्ते देण्यातली जोखीम ज्याची त्याने ओळखावी.

खरेदीबाबत एक सूचना. दोन कॅट घ्यायचे असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घ्या आणि खोके उघडून पाठी जुळवून पाहा. आमचा दुसरा कॅट ऐन वेळी एका दुकानातून आणला होता. त्याच्या पाठीवरचा लाल लंबगोल किंचित फिका निघाला आणि कागदही पातळ होता. हे मोठ्यांच्या लक्षात यायला दोन दिवस लागले. पोरांच्या ते पहिल्या तासातच आले होते, आणि ‘फिका पत्ता प्लस फोर आहे’ असल्या खुणा ती आपसांत करत होती, हे नंतर उघड झाले.

तिसऱ्या रात्री, वेळापत्रकाच्या उरलेल्या कोऱ्या जागेत, ताईने घरचे नियम स्वच्छ अक्षरांत लिहून काढले. ‘उनो’ म्हणताना हात वर करणे, प्लस टूवर प्लस टू चालणे, शून्याला पत्ते सरकवणे, हिरव्याला त्रिकोण, कच्च्या लिंबाला माफी आणि जेवायला हाक आली की चालू फेरी पुरी करूनच उठणे, अशी सहा कलमे एकमताने झाली. सातवे अडले. शेवटचा पत्ता प्लस टू असला तर डाव त्यावर संपतो की नाही? नियमपत्रकात याचे उत्तर आहे: संपतो, आणि पुढच्याला ते दोन पत्ते उचलावेही लागतात, कारण ते गुणांत धरायचे असतात. आम्ही ते वाचून दाखवले. आत्या म्हणाली की जाता-जाता दुसऱ्याच्या पाठीत धपाटा घालून जिंकणे याला जिंकणे म्हणत नाहीत. अकरा जण एका बाजूला, बारा जण दुसऱ्या बाजूला, आणि या मतदानात चार वर्षांच्या भाचीचेही मत धरले गेले असल्यामुळे ते वैध की अवैध यावर आणखी अर्धा तास गेला. कागदावर सातव्या आकड्यापुढची जागा अजून रिकामी आहे. चौथ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढवून झाल्यावर, गाडी वळणावर गेलेली असताना, आत्याने काच खाली करून मागे ओरडून सांगितले, “प्लस टूवर डाव संपत नाही!”, आणि ओट्यावरून बारा जणांनी एकदम उत्तर दिले.